मुतखडा शोधायला गेलो आणि यकृत सापडलं

आपल्या पोटात काय काय आहे याची माणसाने फार चौकशी करू नये, असं माझं आता ठाम मत झालं आहे. पोट गप्प आहे तोवर आपणही गप्प बसावं. पण एका रविवारी बायकोने पुस्तकांचं कपाट खिडकीजवळून भिंतीकडे न्यायचं ठरवलं. "चार माणसं बोलवा," ती म्हणाली. "एका कपाटाला चार माणसं कशाला?" असं म्हणून मी खांदा लावला. कपाट जागच्या जागी राहिलं आणि माझी कंबर सरकली.

आमच्या फॅमिली डॉक्टरीणबाई सावध स्वभावाच्या आहेत. त्यांनी माझी पाठ दाबली, मी ओरडलो, त्यांनी आणखी थोडी दाबली, मी आणखी ओरडलो. मग त्या म्हणाल्या, "उसणच वाटतेय. पण मुतखडा नाही ना, एकदा बघून घेऊ. सोनोग्राफी करा."

सोनोग्राफीच्या खोलीत अंधार होता आणि पोटावर चोपडायचा जेल बर्फासारखा गार. तो यंत्रवाला डॉक्टर अबोल होता. श्वास घ्या, धरा, सोडा, एवढेच तीन शब्द त्याने आयुष्यात शिकले असावेत. मूत्रपिंडावरून त्याचा हात झरझर फिरला, पण उजव्या बरगडीखाली येऊन थांबला. पुढे गेला आणि परत तिथेच आला. परीक्षेत कॉपी करणाऱ्या मुलाच्या बाकाशी मी असाच परत परत येतो, त्यामुळे त्या थांबण्याचा अर्थ मला लगेच कळला.

"काही आहे का हो तिथं?" मी विचारलं.

"रिपोर्टमध्ये लिहितो," तो म्हणाला. म्हणजे त्याला आणखी दोन शब्द येत होते, आणि नेमके तेच मला नको होते.

इथे सांगायला हवं की मी शाळेत विज्ञान शिकवतो. यकृताचा धडा मी इतकी वर्षं शिकवतोय की फळ्याकडे न बघता त्याची आकृती काढू शकतो. शिवाय शाळेतलं व्यसनमुक्तीचं वार्षिक भाषण माझ्याकडेच असतं. एका हातात निरोगी यकृताचं चित्र आणि दुसऱ्या हातात दारुड्याच्या यकृताचं चित्र धरून मी असा काही उभा राहतो, की पहिल्या रांगेतली लहान मुलं औषधाची बाटली बघूनही आठवडाभर दचकतात. मी स्वतः थेंबालाही शिवलेलो नाही. खोकल्याचं औषधसुद्धा आधी वास घेऊन पितो.

अशा मी बाहेरच्या बाकावर बसून माझा रिपोर्ट स्वतःच वाचला. ही माझी पहिली चूक. मुतखडा नाही, असं त्यात होतं. तेवढं वाचून उठलो असतो तर ही गोष्ट घडलीच नसती. पण खाली आणखी लिहिलं होतं: यकृत किंचित वाढलेलं. नेहमीपेक्षा उजळ. फॅटी लिव्हर, ग्रेड दोन. उजव्या भागात वाटाण्याएवढा एक पांढरा ठिपका. पुढील तपासणी करावी.

उजळ, वाढलेलं, फॅटी हे सगळं मी पचवलं. ठिपका मात्र घशात अडकला.

घरी येताना जिन्यातच बायकोला सांगितलं. ही दुसरी चूक. आमच्या जिन्यात बोललेलं तळमजल्यापासून गच्चीपर्यंत एकाच वेळी ऐकू जातं. मी बूट काढेपर्यंत इमारतीला कळलेलं होतं आणि चहा होईपर्यंत इमारत आमच्या बैठकीत होती.

पहिले आले दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त साहेब. त्यांना आम्ही पाठीमागे 'परिपत्रक' म्हणतो, कारण ते साधं "चहा चालेल" हेसुद्धा मुद्देसूद सांगतात. त्यांनी चष्मा लावून रिपोर्ट दोनदा वाचला. "ग्रेड दोन. एकूण ग्रेड किती? तीन. म्हणजे आपण मधल्या श्रेणीत. सबब काळजी करावी, परंतु घाबरू नये." ठिपक्यापाशी आल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. त्या मुद्द्यावर त्यांच्याकडे परिपत्रक नसावं.

मग तळमजल्यावरच्या काकू आल्या. मला बघून त्यांनी पदर डोळ्याला लावला. मी अजून जिवंत आहे हे त्यांना चहाचा कप वाजवून सांगावं लागलं.

शेवटी वरच्या मजल्यावरचे ठेकेदार आले. हे गृहस्थ रोज संध्याकाळी चौकातल्या बारमध्ये हजेरी लावतात. आतापर्यंत मला जिन्यात पाहिलं की तोंडावर रुमाल धरून, अंग चोरून वर जायचे. आज त्यांनी मला थेट मिठीच मारली.

"सर! तुम्हीसुद्धा?" त्यांच्या आवाजात अपार माया होती. "इतकी वर्षं कुणाला पत्ता लागू दिला नाहीत. मानलं तुम्हाला! बसता कुठं?"

"मी कुठंही बसत नाही!" मी ओरडलो.

"म्हणजे घरीच," ते समजूतदारपणे म्हणाले.

माणसाची अब्रू किती नाजूक असते बघा. यकृत दुखत नव्हतंच. दुखत होती ती अब्रू.

डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्या दिवशी नीट समजावलं. "सर, सोनोग्राफीत आवाजाच्या लहरी आत जाऊन परत येतात. यकृतात चरबी साठली की त्या जास्त परततात, म्हणून ते उजळ दिसतं. पण का साठली, ते यंत्राला दिसत नाही. वजन, साखर, रक्तातली चरबी, दारू, काही औषधं, काविळीचे विषाणू, कारणं पुष्कळ असतात. ती विचारून आणि रक्त तपासूनच शोधायची."

"आणि ठिपका?" बायकोने विचारलं. माझ्या तोंडून तो शब्द निघत नव्हता.

"बहुतेक वेळा असा ठिपका निरुपद्रवी असतो. बहुतेक वेळा म्हणजे नेहमी नाही, म्हणून सीटी स्कॅन करू. तोवर उगाच तर्क करत बसू नका."

स्कॅनचं यंत्र नेमकं नादुरुस्त होतं. सुटा भाग कुठल्याशा दूरच्या गावाहून यायचा होता. तर्क न करता थांबा असं सांगायला सोपं असतं. मी विज्ञानाचा शिक्षक, तर्क करणं हाच माझा धंदा. वर्गात प्रकाशाचं परावर्तन शिकवताना मला ठिपका दिसायचा. मुलांच्या वहीत शाईचा डाग दिसला की तो वाटाण्याहून मोठा आहे का, ते मी आधी बघायचो. मला मरायचं नव्हतं, एवढं साधं होतं ते. मुलगी परगावी नोकरीला, घरात आम्ही दोघंच. सकाळी बायको दाराशी उभी राहून चपलेचा पट्टा लावताना दिसली, की हिचं एकटीचं कसं होईल, या विचाराने मला पेपरातलं अक्षर दिसेनासं व्हायचं.

म्हणून मी हळूच पूर्वतयारी सुरू केली. स्वयंपाकघरातला नळ बंद करताना आधी वर उचलून मग डावीकडे फिरवावा लागतो, ते तिला दाखवलं. मीटरच्या पेटीची किल्ली कुठली, फ्यूज गेला तर काय करायचं, तेही सांगितलं.

"हे मला आता कशाला सांगताय?" तिने विचारलं.

"सहज."

"बरं," ती म्हणाली आणि भांडी लावायला लागली. ती पोस्टात काउंटरवर काम करते. दिवसभर लोकांच्या कटकटी ऐकून तिचा चेहरा असा झालाय की त्यावर काहीच उमटत नाही. मला वाटलं, बरं झालं, हिला काही कळलं नाही.

दरम्यान शाळेत मी तपासणीसाठी रजेचा अर्ज दिला. आमचे कारकून म्हणाले, "कारण लिहा." मी 'वैद्यकीय' लिहिलं. "वैद्यकीय सगळेच लिहितात. अवयव लिहा." मी यकृत लिहिलं. त्यांनी अर्जाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि नुसतं "अच्छा" म्हणाले. मधल्या सुट्टीपर्यंत ते 'अच्छा' शिक्षकांच्या खोलीत पोचलं होतं.

मुख्याध्यापिका फार सुसंस्कृत बाई आहेत. त्यांनी मला बोलावून बसायला सांगितलं, पंखा वाढवला आणि खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "सर, यंदा व्यसनमुक्तीचं भाषण संगीताच्या सरांना देऊ या का? तुमचा घसा बरा नसतो हल्ली."

"माझा घसा उत्तम आहे! यकृत बिघडलंय!"

"तेच ते," त्या हळूच म्हणाल्या.

मी हट्टाला पेटलो. माझं यकृत दारूने बिघडलेलं नाही, असा दाखला आणून देतो म्हणालो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्ताचे रिपोर्ट येऊ देत, त्याआधी मी काही लिहिणार नाही. म्हणून मी सरकारी कचेरीत गेलो. तिथल्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "जन्माचा दाखला मिळतो. मृत्यूचा मिळतो. राहत असल्याचा मिळतो. पीत नसल्याचा मिळत नाही. पिण्याचा परवाना हवाय का? त्याची खिडकी शेजारी आहे." मागच्या रांगेतला एक जण माझ्याकडे आपुलकीने बघून हसला.

ही कहाणी ऐकून ठेकेदार गंभीर झाले. दोन दिवसांत माझी खरी स्थिती त्यांच्या ध्यानात आली होती आणि ते थोडे हिरमुसलेही होते. "सर, दाखला मी देतो," ते म्हणाले. "मी रोज तिथं असतो. कोण येतं, कोण येत नाही, माझ्याइतकं कुणाला माहीत? तुम्ही कधीच नसता. मी शाळेत येऊन सांगतो." आणि खरोखरच आले. मुख्याध्यापिकांसमोर उभे राहून त्यांनी छातीवर हात ठेवून साक्ष दिली. सकाळची वेळ असूनही त्या साक्षीला आदल्या संध्याकाळचा वास येत होता. माझं भाषण संगीताच्या सरांकडेच गेलं. पण माझ्यासाठी स्वतःची झाकली मूठ उघडणारा माणूस मला त्याआधी भेटला नव्हता, हे कबूल करायला हवं.

आता उपचारांकडे वळतो. डॉक्टरीणबाईंनी काहीच औषध दिलं नव्हतं. चाला, गोड कमी करा, वजन उतरवा, एवढंच. औषध न देणारा डॉक्टर आमच्या इमारतीला मान्य नाही. काकूंनी पहाटे उठून कसल्याशा कडू पाल्याचा रस काढला. पेला घेऊन त्या दारात उभ्या राहिल्या आणि मी पिऊन संपवेपर्यंत हलल्या नाहीत. परिपत्रकांनी एक काळपट चूर्ण आणलं, ते सकाळी आणि संध्याकाळी, उपाशीपोटी, पूर्वेकडे तोंड करून. पूर्वेला आमचं न्हाणीघर आहे. ठेकेदारांनी त्यांच्या कुणा ओळखीच्याने दिलेल्या गोळ्या आणल्या. लिव्हर धुऊन काढतात म्हणे. त्यांच्या शेजारणीने मुळ्यांचा काढा पाठवला. नाही म्हणायची सोय नव्हती. एकाचं घेतलं आणि दुसऱ्याचं नाही घेतलं तर जिन्यात तोंड कसं दाखवणार? म्हणून सगळ्यांचं सगळं, मन लावून घेतलं. जीव प्यारा होता, आणि शेजारीही.

या सगळ्याच्या मधेच रक्त दिलं होतं, त्याचा रिपोर्ट आला तो घेऊन आम्ही दवाखान्यात गेलो. विषाणूंचं काही निघालं नव्हतं. रक्तात साखर थोडी जास्त, चरबी बरीच जास्त. इथवर डॉक्टरीणबाई मान हलवत होत्या. मग त्यांची मान थांबली.

"यकृताची एन्झाइम्स फार वाढलीत," त्या म्हणाल्या. "नुसत्या चरबीने इतकी वाढत नाहीत." त्यांनी परत सोनोग्राफीचा कागद काढून ठिपक्याची ओळ वाचली. खोलीतल्या घड्याळाची टिकटिक इतकी मोठी का ठेवतात, कुणास ठाऊक.

"सर, नवीन काही औषध चालू आहे?"

"छे!" मी अभिमानाने म्हणालो. "तुम्ही दिलं नाहीत, मी घेतलं नाही."

"औषध नाही हो," बायको म्हणाली, "एवढंच आहे." आणि तिने पिशवीतून रसाची बाटली काढून टेबलावर ठेवली. मग चूर्णाचा डबा. मग धुऊन काढणाऱ्या गोळ्या. मग काढा. मग एक असं तेल, की जे मला पोटावर चोळायला दिलं होतं आणि मी चुकून चमचाभर प्यायलो होतो. टेबल भरलं.

डॉक्टरीणबाईंनी काढ्याचं बूच उघडलं, वास घेतला आणि खुर्ची मागे ओढली. "हे सगळं एकदम?"

"एकदम नाही," मी म्हणालो, "पाळीपाळीने. पूर्वेकडे तोंड करून."

त्यांनी बूच परत घट्ट लावलं. मग म्हणाल्या, "सर, पोटात जाणारं बरंचसं यकृताच्या हातून जातं. ते आधीच चरबीने दमलंय, आणि तुम्ही वर रोज हे ओतताय. वाढीचं कारण बहुधा हेच. आजपासून सगळं बंद. काही दिवसांनी परत तपासू. उतरलं तर सुटलो."

उतरलं नाही तर काय, हे त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

मग त्यांनी खाण्यापिण्याची उलटतपासणी घेतली आणि चरबीचा उगम सापडला. दारू नाही, मांडे नाहीत, मेजवान्या नाहीत. वाढदिवसाची चॉकलेटं! शाळेत रोज कुणाचा तरी वाढदिवस असतो, आणि ते पोर "सर, एक घ्याच" म्हणून दोन देतं. त्यावर चार चमचे साखरेचा चहा, दिवसातून पाच वेळा, खुर्चीत बसून. व्यसनमुक्तीवर भाषण ठोकणाऱ्या माणसाचं यकृत विद्यार्थ्यांच्या प्रेमाने उजळलं होतं.

इमारतीला सांगायचं काम बायकोने केलं. काकू मटकन जिन्याच्या पायरीवरच बसल्या. "माझ्या हातून सरांना विष दिलं गेलं," म्हणून त्या हुंदके देऊ लागल्या. मी त्यांच्याशेजारी बसलो. मग जे वाटत होतं तेच बोललो. "काकू, त्या रसाने यकृताचं काय केलं असेल ते असो. पण सकाळी कुणी आपल्यासाठी पाला वाटतंय, हे ऐकत जागं होणं फार बरं वाटायचं मला. तुमचे उपकार कसे विसरू?" काकू आणखी जोरात रडायला लागल्या. परिपत्रकांनी वरून विचारलं, "रडण्याचे कारण काय?" आणि कारण कळल्यावर तेही खाली येऊन बसले. दुसऱ्या दिवसापासून ही दोघं मला सकाळी चालायला न्यायला लागली. काकू पुढे, परिपत्रक मागे, मधे मी. पळून जाण्याची शक्यताच ठेवली नव्हती.

सगळे गेल्यावर ठेकेदारांनी मला गाठलं. "सर, यकृत बिघडण्याची कारणं परत सांगा बरं." मी वजनापासून सुरुवात केली. दारूपाशी आलो तेव्हा ते बुटांकडे बघत होते. "मी पण तपासून घेऊ का?" त्यांनी विचारलं. मिठी मारणारा तो गडगडाटी माणूस एकदम लहान वाटला. "माझ्याबरोबरच चला," मी म्हणालो. त्यांचा रिपोर्ट माझ्याहून बरा नव्हता. पण वेळेवर आलात, असं डॉक्टरीणबाई त्यांना म्हणाल्या. त्या संध्याकाळी ते बारच्या दारावरून गेले, थांबले, आणि सरळ घरी आले. पुढच्या संध्याकाळीही आले. रोजचं मी सांगू शकत नाही, पण जिन्यात आता ते रुमाल धरत नाहीत.

अखेर सुटा भाग आला, यंत्र चालू झालं. शिरेतून रंग घालून स्कॅन झाला. दंडात गरम वाटेल असं ते म्हणाले होते. मला सर्वांगाला गरम वाटलं. रक्तही परत दिलं. मग निकालासाठी मी आणि बायको डॉक्टरीणबाईंच्या समोर बसलो. बाहेर रांग होती, एक पोर रडत होतं, कंपाउंडर नावं पुकारत होता. डॉक्टरीणबाई स्कॅनचा कागद वाचत होत्या आणि मी त्यांच्या भुवया वाचत होतो. बायको नेहमीसारखी ताठ बसली होती, मांडीवर पिशवी, चेहऱ्यावर काउंटर.

"एन्झाइम्स उतरलीत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काढे बंद केल्याचा गुण. चरबी आहे, ती चालून चालून उतरवा. आणि तो ठिपका म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांचा एक गुंता आहे. बहुधा जन्मापासूनचा. त्याने काहीही होत नाही. त्याला औषध नको, ऑपरेशन नको. जा घरी."

मी श्वास सोडला. इतके दिवस धरून ठेवला होता तो. उठायला म्हणून खुर्चीच्या हातावर जोर दिला, पण बायको उठली नाही.

"परत सांगा," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंना वाटलं, रक्तवाहिन्यांचं कळलं नसेल. त्यांनी सोपं करून सांगितलं. निरुपद्रवी आहे, काही होणार नाही, सर ठणठणीत आहेत.

"परत सांगा," बायको म्हणाली. या वेळी तिचा आवाज फाटला. पिशवीचे बंद तिने इतके घट्ट धरले होते की बोटं पांढरी पडली होती. ते मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

बाहेर रांग खोळंबली होती. कंपाउंडरने दार उघडून आत डोकं घातलं. डॉक्टरीणबाईंनी त्याला हातानेच थांबवलं, समोरचे कागद मिटले, खुर्ची पुढे ओढून बायकोच्या जवळ आल्या आणि अगदी सावकाश म्हणाल्या, "तुमच्या नवऱ्याला काहीही झालेलं नाही."

तेव्हा कुठे ती रडली. मी आयुष्यभर यकृताचे धडे दिले, पण मला काय झालं नव्हतं आणि तिला काय काय झालं होतं, ते मला त्या खुर्चीत बसून कळलं. तिचा हात धरून मी दवाखान्याबाहेर आलो, आणि रस्त्यात कुठेही सोडला नाही.